दाराकडची भिंत

आंबेपाडा, ता. साक्री
६ ऑक्टोबर २०२४

अक्का, सलाम.

तुझं कार्ड पोस्टमनने काल हातात दिलं. सहा महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं आणि बरं वाटलं. मग वाचलं आणि जरा कमी बरं वाटलं. "बोलायचं असेल तर लिही. फोनवर तू गोड बोलून वेळ मारून नेतोस. कागदावर तुला ते जमणार नाही." बस्स, एवढंच! ना खुशाली, ना कोणाची विचारपूस. रत्नाला वाचून दाखवलं तर ती भाकरी थापता थापता म्हणते, "बरोबरच लिहिलंय अक्कांनी." म्हणजे माझ्याच घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

तर लिहितो. तीस वर्षं कंडक्टरकी केली, तोंड चालवायची सवय आहे, पेन चालवायची नाही. चुकलं तर समजून घे.

ईस्टरच्या दिवशी काय झालं ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. उपासना संपल्यावर मोतीलालने पंचकमिटीचा प्रमुख म्हणून उभं राहून विचारलं, "आपल्या चर्चला नवं रूप द्यायचं, ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा." तू माझ्या शेजारी बसली होतीस. मी हात वर केला. तू माझ्या हाताकडे बघितलंस, तोंडाकडे बघितलंस, पिशवी उचललीस आणि न जेवता जळगावची गाडी धरलीस. त्या दिवशी मटण होतं, अक्का. लोक मला विचारत होते, मटण सोडून बाई गेली कशी. मी काय सांगणार?

तुला वाटतं, मी मोतीलालच्या नादी लागलो. नाही. माझं कारण तुला कधी सांगितलंच नाही. दोन वर्षांपूर्वी डेपोच्या रिटायर लोकांबरोबर गोव्याला गेलो होतो. बाकीच्यांना समुद्र बघायचा होता, मी म्हटलं मला जुनं चर्च बघू द्या. आत गेलो. सोनं, नुसतं सोनं! पिळाचे खांब, द्राक्षांचे वेल, ढगांतून डोकावणारी गुबगुबीत बाळं. मी पहिल्या बाकावर बसलो आणि मला रडू आलं. डेपोच्या दोघांनी विचारलं तर डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं.

आणि मग मला आपलं आठवलं. चार पांढऱ्या भिंती, एक लाकडी क्रूस, वर पत्रा. साठ माणसं दाटीवाटीने बसतात. तू म्हणतेस आजोबांनी एकोणीसशे एकवीस साली स्वतःच्या हातांनी साधं बांधलं, ते साधंच राहू दे. मी म्हणतो आजोबांकडे दुसरं काही नव्हतं म्हणून साधं बांधलं. असतं तर त्यांनीही सजवलं असतं. आपण आदिवासी, आपण गरीब, म्हणून आपल्या देवाने कायम पांढऱ्या भिंतीत बसायचं, असं कोणी ठरवलं?

असो. अजून काम सुरू झालेलं नाही. नुसती बोलणी चालली आहेत.

मागणं एकच आहे. २२ डिसेंबरला, नाताळाआधीच्या रविवारी, नव्या रूपातल्या चर्चचं उद्घाटन करायचं ठरलंय. तू ये. आई गेल्यापासून नाताळचं पहिलं गीत तूच सुरू करतेस. ते मी दुसऱ्या कोणाला सुरू करू देणार नाही. तू आली नाहीस तर मंडळी मुकी बसेल आणि सगळे माझ्याकडे बघतील. आणि ते बघतील म्हणून नाही, मला तू हवी आहेस म्हणून ये.

तुझा,
प्रेमराज

---

आंबेपाडा
२१ ऑक्टोबर २०२४

अक्का, सलाम.

कार्ड मिळालं. "चुना खरवडला का?" दवाखान्यात केसपेपर लिहून लिहून तुझी ही सवय झाली आहे. माणसाने एवढं दोन पानी पत्र पाठवलं, आणि हिने विचारलं काय, तर चुना!

आधी एक कबूल करतो. काम सुरू झालं आहे. तीन ऑक्टोबरलाच सुरू झालं होतं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कागदावरही मला जमतं, बघितलंस ना?

कारागीर शिंदखेड्याचा आहे. कौतिक मिस्त्री. गणपती करतो, आणि गणपती नसतील तेव्हा नरडाण्याकडच्या मंगल कार्यालयांची पीओपीची कामं घेतो. पन्नाशीचा, घरी थोडी कपाशी, बोलायला एकदम सरळ. त्याने जन्मात चर्चच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी चपला बाहेर काढून आला, चारही बाजूंनी फिरला आणि मला विचारतो, "भाऊ, तुमना देव कोठे शे?"

मी म्हटलं, "आमचा देव दिसत नाही."

"मंग हाई बठ्ठं सजाडानं कोनासाठे?"

मी म्हटलं, "आमच्यासाठी." त्याला ते पटलं. मान हलवली आणि पट्टी घेऊन मापं घ्यायला लागला. पाळकसाहेबांना समजावून सांगायला मला दोन महिने लागले होते!

मोतीलालच्या हितेंद्रने त्याला मोबाईलवर गोव्याचे फोटो दाखवले. हितेंद्र इंजिनियरिंग शिकतोय, त्याने शोधून काढलं की ह्या पद्धतीला बरोक म्हणतात आणि ती युरोपात चारशे वर्षांपूर्वी निघाली. कौतिकने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बारकाईने बघितला आणि म्हणाला, "हाई तं आमनं मंगल कार्यालयनंच काम शे." हितेंद्रचं तोंड बघण्यासारखं झालं.

पण हात आहे हं त्याच्याकडे. पिळाचे खांब कसे केले सांगू? प्लॅस्टिकचा पाईप उभा केला, त्याला जाड दोरखंड तिरपा गुंडाळला आणि वरून पीओपी चढवलं. वाळल्यावर घासलं. गोव्यातले खांब शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही, म्हणजे निदान मला तरी येणार नाही. पत्रा आता दिसतच नाही, खालून छत केलंय आणि त्यात मधोमध मोठं फूल.

चुना ठीक आहे. त्याची काळजी करू नकोस.

चुन्यावरून आठवलं. डिसेंबर उजाडला की मंडळीतल्या बायकांनी चर्चला चुना द्यायचा ही आपली रीत. पुरुषाने त्या दिवशी आत यायचं नाही. मागच्या पिंपात चुना खदखदायचा, आजी काठी घेऊन बसायची, आई बादल्या भरायची आणि तू संध्याकाळी घरी यायचीस तेव्हा तुझ्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. शंभर वर्षांत एक डिसेंबर चुकलेला नाही. रत्ना मला विचारते, "आता पीओपी झाल्यावर आम्ही त्या दिवशी काय करायचं?" मी म्हटलं, आराम करा. तर म्हणते, "आराम मागितला कोणी होता?"

बायकांचं काही खरं नाही. तू ये.

प्रेमराज

---

आंबेपाडा
१० नोव्हेंबर २०२४

अक्का, सलाम.

"चुन्याचं विचारलं होतं. तू खांबांचं लिहिलंस."

हो, बाई, हो! खरवडला. चुन्यावर पीओपी धरत नाही, म्हणून खरवडायला लागतो. पापुद्रे सुटत होते, बोटभर जाडीचे. वेदीकडची भिंत, डावी भिंत, उजवी भिंत, तिन्ही झाल्या. दाराकडची तेवढी राहिली आहे. झालं समाधान? आता चुना सोड आणि मी सांगतो ते ऐक, कारण गेल्या रविवारी जे झालं ते तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

छताच्या कडेने बारा देवदूत बसवायचे ठरले होते. गोव्याच्यासारखे, गुबगुबीत. कौतिक म्हणाला, करून देतो, काळजी करू नका. पंधरा दिवसांत बारा देवदूत तयार. सोनेरी कुरळे केस, गोबरे गाल, पाठीला पंख. शनिवारी वर चढवले. आम्ही सगळे खूश.

रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश चालू होता. बायकांच्या बाजूने खुसखुस ऐकू आली. बघतो तर रत्ना. तोंडाला पदर लावून शेजारणीला काहीतरी सांगतेय. शेजारणीने वर बघितलं, तिनेही पदर लावला. मग तिच्या मागची रांग. मी डोळे वटारले तर रत्नाने नुसतं बोट वर केलं. मी वर बघितलं.

अक्का, देवदूताच्या हातात लोण्याचा गोळा होता! बाराच्या बारा जणांच्या हातात. आणि केसांत मोरपीस.

झालं असं की कौतिककडे देवदूताचा साचा कुठून असणार? त्याच्याकडे होता बाळकृष्णाचा, गोकुळअष्टमीला लागतो तो. त्याने तोच ओतला आणि पाठीला सरस्वतीच्या हंसाचे पंख लावून दिले. त्याला वाटलं बाळ म्हणजे बाळ. गोळा आणि पीस साच्यातच असतात, ते काढायचे असतात हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि आम्ही पंधरा दिवस रोज बघत होतो, आमच्याही डोक्यात आलं नाही!

पाळकसाहेब थांबले. चष्मा पुसला, वर बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "देवदूतांना भूक लागत नाही असं मी तरी कुठे वाचलेलं नाही." सगळं चर्च हसलं. एवढं मोठ्याने हसणं त्या भिंतींनी कधी ऐकलं नसेल. मोतीलाल मात्र लाल झाला. "पाहुणे येणार आहेत, आपलं हसं होईल." शेवटी तोड निघाली. गोळा राहू द्यायचा, विचारलं तर फळ आहे म्हणून सांगायचं. पीस कापायचं.

मी कौतिकला सांगितलं तर तो हिरमुसला. "गोळा चालस, आनि पीस नही चालस? हाऊ कोनता न्याय, भाऊ?" तरी तो उद्यापासून छिन्नी घेऊन एकेक पीस काढायला लागेल.

पण खरं सांगू? फार सुंदर दिसतंय. सकाळी दार उघडलं की ऊन थेट वेदीवरच्या सोनेरी पानांवर पडतं आणि मी चावी हातात धरून तसाच उभा राहतो. रिटायर झाल्यावर माणसाला एवढं सुख मिळतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फक्त शेजारी तू असायला हवी होतीस, मग नाक मुरडलं असतंस तरी चाललं असतं.

बावीस तारखेचं काय ते कळव.

प्रेमराज

---

आंबेपाडा
२५ नोव्हेंबर २०२४

अक्का, सलाम.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहितोय, आता जसं येईल तसं पाठवतो.

तीन ऑक्टोबरला, कामाच्या पहिल्याच दिवशी, कौतिकने वेदीकडची भिंत खरवडायला घेतली. तासाभराने मला हाक मारली. "भाऊ, हाऊ लाल रंग कसाना शे?"

मी जवळ गेलो. चुन्याचा जाड पापुद्रा सुटला होता आणि खाली गेरू होता. लालभडक. गेरूवर पांढऱ्या रेघा, गोल वळलेल्या, आणि रेघांच्या टोकाला ठिपके. ते कोणीतरी काढलेलं होतं. मला ते लगेच कळलं, अक्का. आपल्याकडे लग्नघराच्या भिंतीवर काढतात तसं. माझ्या लग्नात आपल्या घरावर काढलं होतं तसं.

मागे मोतीलाल उभा होता. बाहेर पीओपीची पोती उतरत होती. तारीख ठरलेली होती. माझ्या डोळ्यांसमोर गोव्याचं सोनं होतं. मी म्हटलं, "जुन्या मातीचा रंग असेल. चालू दे."

कौतिकने माझ्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. पण काम देणारा मी. त्याने खरवडायचा पत्रा उचलला आणि सगळं खाली पाडलं. तीन भिंती तशाच गेल्या. डाव्या भिंतीवर घोडा होता, घोड्यावर माणूस होता. मी तो बघितला आणि चहा प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा नव्हता.

तू तीन शब्दांचं कार्ड पाठवलंस, त्यावर मी तुला खांबांचं लिहिलं, छताचं लिहिलं, देवदूतांचं लिहिलं. सगळं खरं होतं, पण हे दडवायला लिहिलं.

गेल्या सोमवारची गोष्ट. कौतिक स्टुलावर चढून देवदूतांची पिसं कापत होता, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. चार कापली आणि वैतागून खाली उतरला. म्हणाला, आधी दाराकडची भिंत खरवडतो, हे नंतर. मी बाकावर बसून निमंत्रणपत्रिकांवर नावं घालत होतो. थोड्या वेळाने भिंतीचा आवाज थांबला. "भाऊ, आठे या."

दाराच्या वर दोन मोर, अक्का. समोरासमोर. हातभर लांब एकेक. पिसाऱ्यातला तांदळाच्या पिठाचा ठिपका न ठिपका जागेवर. एकाची चोच थोडी वाकडी झाली आहे, काढणाऱ्या बाईचा हात चुकला असेल. शंभर वर्षांच्या चुन्याखाली ते तसेच्या तसे होते.

कौतिक माझ्यावर खरंच चिडला. "तुमना आठे पहिलेच मोर बठेल शेतस, आनि माले पीस कापाले लावतस?" छिन्नी पिशवीत टाकली. "मी नही कापस आते." चार देवदूत बिनपिसाचे, आठ पिसाचे, तसेच आहेत.

मी बाकावर बसून राहिलो. म्हणजे आजोबांचं चर्च साधं कधी नव्हतंच. तू साध्यासाठी भांडलीस, मी सजवण्यासाठी भांडलो, आणि ते बांधलं त्याच वर्षी कोणीतरी सजवून ठेवलेलं होतं, आपल्या हातांनी, आपल्या पद्धतीने. मला गोव्याला जायची गरजच नव्हती. आणि ते मला सापडलं तेव्हा मी काय केलं, तर त्याच्यावर पीओपी चोपडलं.

काम थांबवलंय. मोतीलालशी कडाक्याचं भांडण झालं. तो वाईट नाही गं, त्याचंही म्हणणं खोटं नाही. तीन बाजू सोनेरी आणि एक बाजू लाल, लोक विचारतील हे काय अर्धवट. १५ डिसेंबरपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर पंचकमिटी दुसरा माणूस बोलावून भिंत पुरी करून घेईल, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं आहे.

माझ्या शब्दाला आता वजन नाही. हात वर करणारा मीच होतो. पण तुझ्या शब्दाला आहे. पन्नास वर्षं ह्या भिंतींना चुना तुझ्या सांगण्यावरून लागलाय. तू ये आणि सांग. ठेव म्हणालीस तर मी दारात आडवा पडेन. पांढरीच कर म्हणालीस तर मी स्वतः बादली उचलेन, पुरुषाने आत यायचं नसतं ते बायकांकडून माफ करून घेईन.

आणि मला माफ कर. तीन भिंतींसाठी. हे मी फोनवर बोलू शकलो नसतो, तू म्हणतेस ते खरं आहे.

प्रेमराज

---

आंबेपाडा
५ डिसेंबर २०२४

अक्का, सलाम.

तुझं कार्ड नाही. रोज पोस्टमनला विचारतो, आता तो मला बघून लांबूनच मान हलवतो.

काल चुन्याचा दिवस होता. मी कोणाला बोलावलं नव्हतं. तरी सकाळी रत्ना आणि पाच-सहा जणी बादल्या, कुंचे घेऊन हजर. रत्ना म्हणाली, "डिसेंबर आला, हात शिवशिवतात." मग त्या दाराकडच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तिथे कोणी चुना कालवला नाही. कमलबाई म्हणाली, "माझ्या आईच्या लग्नात असेच मोर होते म्हणे." एकीने पदराने भिंतीवरची धूळ झटकायला घेतली, मग सगळ्यांनीच सुती फडकी काढली. चार तास नुसती धूळ पुसत होत्या, बाळाचं तोंड पुसतात तसं. मला बाहेर हाकललं, रीत आहे म्हणून. मी बाहेर ओट्यावर बसून त्यांचं बोलणं ऐकत होतो.

मोतीलाल दुपारी आला. दारातून आत डोकावला. बायका तिथेच बसून डबे खात होत्या. त्याची बायको पण. तो तसाच मागे फिरला. पण संध्याकाळी निरोप आलाच. पंधरा तारीख म्हणजे पंधरा तारीख.

कौतिक शिंदखेड्याला गेलेला नाही. पैशाचं काम संपलंय तरी इथेच आहे, मोरांच्या वरची उखडलेली माती हळूहळू दाबून बसवतो. मीही दुपारचं जेवण तिथेच करतो, भिंतीला पाठ न लावता, तिच्याकडे तोंड करून.

तसा मी सुखात आहे, अक्का. विचित्र वाटेल, पण आहे. खोटं बोलून झालं, खरं सांगून झालं, आता मला झोप लागते. फक्त तू रागावली असशील तर रागाचं कार्ड टाक. पण टाक.

प्रेमराज

---

जळगाव
१० डिसेंबर २०२४

प्रेमराज,

कार्डात मावणार नाही म्हणून कागद घेतला. बसून वाच. रत्नालाही वाचून दाखव, मोतीलालला दाखवायचं असेल तर दाखव.

मोर आजीने काढले. घोडाही तिनेच. एकवीस साली भिंती उभ्या राहिल्या तेव्हा ती वीस वर्षांची होती. तिने आणि तिच्या जावेने मिळून चारही भिंती रंगवल्या. पुढच्या नाताळाला धुळ्याहून पाहुणे यायचे होते. आपल्याच लोकांनी तिला सांगितलं, हे लग्नघर दिसतं, पाहुणे हसतील, चर्च पांढरं असतं. आजीने वाद घातला नाही. पिंपात चुना तिनेच कालवला. चुन्याच्या दिवसाची रीत तिथून सुरू झाली. पुरुषांनी आत यायचं नाही असं तिनेच ठरवलं, कारण पहिल्या वर्षी तिला रडू आलं होतं आणि ते आजोबांना दिसू नये असं तिला वाटत होतं.

हे मला कसं ठाऊक? आजीने सांगितलं. तिच्या शेवटच्या डिसेंबरला. मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते, सुट्टीत आले होते, एकोणीस वर्षांची. तिने माझा हात धरून दाराकडच्या भिंतीवर ठेवला. म्हणाली, "इथे माझी लांडोर आहे. सगळ्यात शेवटी काढली, ती मला सगळ्यांत आवडते. पोरी, मी गेल्यावर एकदा खरवडून बघ. आता लोक हसणार नाहीत असं मला वाटतं."

मी हो म्हणाले.

मी खरवडलं नाही. ट्रेनिंगमध्ये पांढरा गणवेश घातला त्या दिवशी मला जन्मात पहिल्यांदा कोणीतरी "अहो" म्हणालं होतं. त्याआधी दुकानदारापासून मास्तरापर्यंत सगळे "ए पोरी" म्हणायचे. मला वाटायचं, आपलं चर्च पांढरं आहे तोवर आपल्याला कोणी रानटी म्हणणार नाही. आजी गेली. पुढच्या डिसेंबरला मी सुट्टी काढून आले आणि बायकांना हाका मारून चुना द्यायला लावला. त्यानंतर दरवर्षी. सगळ्यांना वाटायचं, अक्काची केवढी भक्ती. त्या बोटभर जाडीतली अर्धी जाडी माझी आहे.

ईस्टरला तू हात वर केलास म्हणून मी उठले नाही. तू कसा आहेस ते मला ठाऊक आहे, तुझ्यावर मी एवढी रागावत नाही. चुना निघाला की माझं खोटं निघणार, म्हणून उठले. सहा महिने तुझा फोन घेतला नाही, तो तुझ्या तोंडून ते ऐकायला लागू नये म्हणून. आणि तुला म्हणे कागदावर लिही, खरं बोल! लाज वाटते मला त्या कार्डाची.

तू तीन भिंती बुजवल्यास, एका महिन्यात. मी चारही भिंती पन्नास वर्षं बुजवल्या, आणि मला तर आजी हात धरून खरवडायला सांगून गेली होती. तू माझ्याकडे माफी मागतोस. मी कोणाकडे मागू?

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. पंधरा तारखेला पंचकमिटीसमोर मीच बोलेन, आत्ता लिहिलंय हेच बोलेन. तुझे सोनेरी खांब बघून नाक मुरडेन, तेवढी तयारी ठेव. देवदूतांची पिसं कोणी कापायची नाहीत. ज्या चौघांची कापली त्यांना परत लावून द्यायला कौतिकभाऊंना माझ्या वतीने सांग.

दोन मोर तुला सापडले, पण लांडोर सापडलेली नाही, तुझ्या पत्रात ती कुठेच नाही. तिथे कोणी खरवडायचा पत्रा लावू नका, कौतिकभाऊंनीही नाही. ती दाराच्या उजव्या हाताला आहे, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. चुन्याखालून ती मी काढणार.

ताईबाई